बर्फाआधीचं छप्पर

काल पहाटे पाय गार पडल्यामुळे जाग आली. एडिसनमध्ये ऑक्टोबर असाच येतो. आदल्या दिवशी लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात स्टेशनकडे जाताना दिसतात आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर आतून धुकं धरलेलं असतं. मी भिंतीवरचं बटण सरकवलं. तळघरातलं यंत्र घुरघुरलं आणि जमिनीतल्या जाळीतून या मोसमातली पहिली गरम हवा वर आली. त्या पहिल्या हवेला एक वास असतो. उन्हाळाभर पत्र्याच्या नळांत बसलेली धूळ भाजते, त्याचा. माझी शेजारीण शुभा या वासाला दरवर्षी घाबरते आणि काहीतरी जळतंय म्हणून मला फोन करते. मी मात्र जाळीजवळ स्टूल ओढून चहा घेऊन बसते.

त्या वासाबरोबर मला एक लोखंडी शेगडी दिसते. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांमधल्या एका लहान गावात, रेल्वेच्या एका जुन्या इमारतीच्या कोपऱ्यात पेटवलेली. तिच्याभोवती वाळत घातलेले ओले हातमोजे, कॉफीचं काळं पडलेलं भांडं, आणि तिच्यापासून जरा लांब उभी असलेली माझी मुलगी इरा. एक हात पोटावर, मान वर केलेली, नजर छपरावर.

त्या पानगळीला आता काही वर्षं झाली. इराच्या पोटात होती ती रेवा आता नर्सरीत जाते आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. माझं तिकडे जाणं-येणं चालूच असतं. पण ती एक पानगळ माझ्यात वेगळी राहिली आहे. तिच्या आधीची काही वर्षं मला नीट आठवत नाहीत. माझा नवरा सुधीर गेल्यानंतरचे ते दिवस एकाच रंगाचे होते. ऑफिस, घर, टीव्ही, पुन्हा ऑफिस. मग मी निवृत्त झाले आणि त्यातलं ऑफिसही गेलं.

इरा फोन करायची. "आई, जेवलीस?" एवढं मराठीत विचारायची आणि पुढचं इंग्रजीत. मीही जेवले म्हणून सांगायचे.

ती जुन्या इमारती वाचवायचं काम करते. स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पण नव्या पुलांकडे आणि उंच इमारतींकडे ती कधी वळलीच नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर, देशी दुकानांत भाजी घेताना कुणी ना कुणी भेटायचं आणि विचारायचं, "लेक काय करते?"

"जुन्या इमारतींचं काम करते," मी म्हणायचे.

"अच्छा, रिअल इस्टेट."

मी हो म्हणून मेथीची जुडी उचलायचे. समजावून सांगण्याइतकं मलाही ते कुठे समजलं होतं?

सप्टेंबरच्या शेवटी मी तिच्या बाळंतपणासाठी निघाले. बाळ डिसेंबरमध्ये यायचं होतं, म्हणजे मी बरीच आधी निघाले होते. पण एडिसनच्या घरात तरी काय अडलं होतं. तिचा नवरा बेन शाळेत शिक्षक आहे, तो न्यायला आला. महामार्ग सोडून गाडी डोंगरात शिरली तसे कडेचे मेपल एकेक करून पिवळे, मग शेंदरी होत गेले. गावात शिरल्यावर मला वाटलं, आता घर येईल. पण बेनने रुळांजवळ गाडी थांबवली. जरा ओशाळून म्हणाला, "इरा अजून कामावरच आहे. आधी तुम्हाला इथेच घेऊन ये म्हणाली."

मी खाली उतरले आणि पहिल्यांदा राउंडहाउस पाहिलं.

कलिंगडाची फोड ताटात आडवी ठेवावी तशी ती इमारत वळलेली होती. बाहेरच्या बाजूला विटांची लांबलचक गोलाकार भिंत. आतल्या बाजूला ओळीने उंच लाकडी दारं, आणि सगळ्या दारांची तोंडं मधल्या एका मोठ्या वर्तुळाकडे. त्या वर्तुळात लोखंडी पूल होता, मधोमध एका खुंटावर तोललेला. वाफेच्या इंजिनाला तोंड फिरवून घ्यावं लागायचं. ते या पुलावर यायचं, पूल फिरायचा, आणि मग ज्या दारासमोर पूल थांबेल त्या खणात इंजिन जायचं, धुवायला, तपासायला, दुरुस्तीला. खण हा माझा शब्द. तिथे सगळे स्टॉल म्हणतात, पण मला आजोळच्या घराचे खण आठवले आणि तोच शब्द तोंडात बसला. पुढे इराही खण म्हणायला लागली, आणि तिचं ऐकून बेनही, त्याच्या जिभेला जमेल तसा.

डिझेलची इंजिनं आली आणि या इमारतींची गरज संपली. देशभर अशा कितीतरी होत्या, त्या पाडल्या गेल्या. राहिल्या त्यांतल्या काहींची संग्रहालयं झाली, कुठे उपाहारगृह निघालं, कुठे गोदाम. या गावातली नुसतीच उभी होती. गावातल्या काही माणसांनी तिला वाचवायची म्हणून एक संस्था काढली आणि इराला बोलावलं.

ती आतून बाहेर आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात बेनचा शर्ट, आणि शर्टाखाली तिचं गोल पोट. केसांत काजळीचा धागा. मला मिठी मारायला निघाली आणि कपडे बघून थांबली. मी म्हटलं, "ये गं, धुता येतात साड्या."

मग तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "तू या अवस्थेत इथे चढतेस-उतरतेस?"

"आई, मी लॅडरवर चढत नाही. प्रॉमिस. जस्ट खालून ओरडते."

आत अंधार होता आणि थंडी. लाकडी ठोकळे उभे बसवून केलेली जमीन तेल पिऊन काळी झाली होती. वर धुराडी, त्यांतून आलेले उजेडाचे खांब, त्यांत उडणारी कबुतरं. मी इतकी वर्षं एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. चूक कुठे आहे ते शोधायचं, ती दुरुस्त दुसऱ्याने करायची. त्यामुळे असेल, मला तिथलं सौंदर्य आधी दिसलं नाही. आधी दिसल्या त्या भेगा, शेवटच्या दोन खणांवरचं फाटकं छप्पर, आणि त्या खणांमागची, दिवस भरत आलेल्या पोटासारखी बाहेर आलेली भिंत. इराला मी तसं बोलूनही दाखवलं. ती खूप वेळ हसली.

"बरोबर आहे. तीच माझी पेशंट आहे."

अडचण अशी होती की गावाच्या इमारत तपासनिसाने सांगून ठेवलं होतं, बर्फ पडायच्या आत ती भिंत सावरली आणि छप्पर झाकलं तर ठीक, नाहीतर इमारत धोक्याची ठरवून पाडायला घ्यावी लागेल. त्याचंही चूक नव्हतं. शेजारून शाळेचा रस्ता जात होता.

शनिवारी काम करायला गावातली माणसं यायची. संस्थेचं सगळं बघायची ती कॅरल, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, बारीक, कामाला वाघ. आणि वॉल्ट, ऐंशी ओलांडलेले. अठराव्या वर्षी ते या इमारतीत हाताखाली कामाला लागले, वाफेची इंजिनं शेवटच्या फेऱ्या मारत होती तेव्हा. त्यांची जागा सगळ्यात शेवटच्या खणात होती. आताही ते आपली खुर्ची तिथेच नेऊन ठेवायचे आणि जुन्या खिडक्यांच्या चौकटी खरवडत बसायचे.

मी पहिल्या शनिवारी बटाटेवडे घेऊन गेले. दुसऱ्या शनिवारी वरणभात, कारण थंडी फार होती. वॉल्टना वरण सूप वाटलं, त्यांनी ते कपातून प्यायलं आणि आणखी आहे का म्हणून विचारलं. पुढे शनिवारचं जेवण माझ्याकडेच आलं. सकाळी कुकरची शिट्टी झाली की मला बरं वाटायचं. मी कितीतरी दिवसांनी मोठ्या पातेल्यात स्वयंपाक करत होते.

ऑक्टोबरच्या मध्यात इराचं ब्लड प्रेशर वाढलं. डॉक्टरने तिला सांगितलं, आता घरी पडून राहायचं, कामावर जायचं नाही. ती घरी येऊन पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मी पाठीवर हात फिरवत होते. मला वाटलं, ती बाळासाठी घाबरली आहे. ती होतीच. पण थोड्या वेळाने म्हणाली, "आई, ती भिंत रोज कुणीतरी बघायला हवी. कॅरल बिझी आहे, बेनची शाळा आहे. आणि वॉल्टला सगळं नेहमी ओकेच दिसतं."

"मी बघते," मी म्हटलं.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकाच बघितल्या ना मी. काय बघायचं ते सांग."

तेव्हापासून रोज सकाळी मी राउंडहाउसवर जायला लागले. बेन शाळेत जाताना मला सोडायचा. भिंतीतल्या मोठ्या भेगेवर इराने पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बसवली होती. तिच्यावर बारीक चौकोन आणि मधे एक लाल फुली. भिंत हलली तर फुली सरकते. मी फोनवर व्हिडिओ लावायचे आणि पलंगावरून इरा मला चालवायची.

"थोडी डावीकडे. नो, आई, तुझं डावं. आता वर. जरा क्लोज जा. तो पांढरा डाग कालही होता?"

"होता. काल जरा लहान होता."

"शुअर?"

"इरा, मला डाग कळतात."

शेगडी वॉल्ट पेटवून ठेवायचे. फोन झाला की मी तिच्याजवळ बसायचे. पावसाळी दिवस असले की गळक्या छपरातून पाणी टपटपत राही. कधी कुणी बोलत नसे. त्या शांततेत काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या घरातही शांतता होती, पण तिथे ती अंगावर यायची. इथे तिच्यात कुणीतरी खिडकी खरवडत असायचं, कुणी करवत चालवत असायचं. मी रोज सकाळी उठून कुठेतरी जात होते, आणि मी गेले नाही तर कुणाचं तरी अडणार होतं. एवढंच असेल. सुधीर गेल्यावर लोकांनी मला विश्रांती घे, विश्रांती घे म्हणून फार सांगितलं. त्यांचं प्रेमच होतं ते. पण मला विश्रांती नको होती.

दोन दिवस धो धो पाऊस पडला आणि तिसऱ्या सकाळी लाल फुली सरकलेली दिसली. मला आधी चष्म्याचा दोष वाटला. काच पुसून पुन्हा पाहिलं. मग फोटो काढून इराला पाठवला. लगेच फोन वाजला.

"आई, आत कोण कोण आहे?"

"वॉल्ट आहेत. आणखी दोघं आहेत, खिडक्या बसवतायत."

"सगळ्यांना बाहेर काढ. तूही. आत्ता. सामान घेऊ नका."

तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी आत जाऊन म्हटलं, "इराने बाहेर यायला सांगितलंय." कुणी का म्हणून विचारलं नाही. वॉल्टनी हातातली खरवडणी खुर्चीवर ठेवली आणि माझा हात धरून चालायला लागले. मला आधार देत होते की माझा घेत होते कोण जाणे. आम्ही पलीकडे पावसात उभे राहिलो. काहीच झालं नाही. अर्धा तास गेला असेल. मला वाटायला लागलं, मी उगाच सगळ्यांना भिजवलं. आणि मग शेवटच्या खणाच्या वरच्या कडेच्या विटा आत कोसळल्या. आवाज फार मोठा नव्हता, धान्याचं पोतं खाली टाकावं तेवढा. धूळ दारातून हळूहळू बाहेर आली. वॉल्टची खुर्ची आत होती.

त्यांनी टोपी काढून हातात धरली. बराच वेळ तशीच धरून उभे होते, केसांवर पाऊस पडत होता. मग म्हणाले, "ती मुलगी पलंगावरून बघते, आणि मला इथे बसून दिसलं नाही."

"तिला मी दाखवलं म्हणून दिसलं," मी म्हटलं, "आणि मलाही नुसता फरक दिसला. अर्थ तिला कळला."

ते हसले, आणि मग मी तिथेच ओल्या रुळावर बसले.

पुढचे दोन दिवस इराच्या पलंगावर नकाशे पसरलेले होते. कॅरल येऊन गेली, तपासनीस येऊन गेला. तो तर आता सगळंच थांबवायच्या विचारात होता. इरा पडल्या पडल्या त्याच्याशी बोलत होती आणि मी दारात चहा घेऊन उभी होते. माझ्या मुलीला मी असं काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तिने काही लपवलं नाही, काही वाढवून सांगितलं नाही. शेवटचा, अकरावा खण वाचणार नाही, असं तिनेच आधी सांगितलं. तो आपण होऊन, नीट, वरून खाली उतरवायचा. तो गेला की शेजारच्या दहाव्या खणावरचा ओढा कमी होईल, तिथे टेकू देऊन भिंत उभी राहील, आणि दहावा राहिला तर बाकीचे राहतील. तपासनीस खूप वेळ नकाशा बघत होता. मग म्हणाला, "एवढं बर्फाआधी करून दाखवा."

तो गेल्यावर इरा मला म्हणाली, "वॉल्टला मीच सांगणार. फोनवर नाही. तू बोलावशील त्यांना?"

वॉल्ट संध्याकाळी आले, बूट दारात काढून. आमच्या घरी काढतात हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. पलंगाशेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले. इरा त्यांच्याशी इंग्रजीतच बोलत होती, पण मला ते सगळं आठवतं ते मराठीत आठवतं.

"वॉल्ट, तुमचा खण मला वाचवता येणार नाही. मी सगळं करून पाहिलं. तो धरून बसले तर पुढचेही जातील."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मेपलच्या झाडावर मोजकी पानं उरली होती.

"आणि विटांचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"चांगली निघेल ती प्रत्येक वीट दहाव्या खणाच्या भिंतीत जाईल. तिथे लागणारच आहेत."

वॉल्टनी मान हलवली. "मग तो काही फार लांब जात नाही," ते म्हणाले.

इराने त्यांचा हात धरला. मी स्वयंपाकघरात गेले, दूध तापवायचं निमित्त करून. सुधीरचे स्वेटर, त्याचे बूट, त्याचं दाढीचं सामान, मी काहीच हलवलं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे धरून बसले होते. गॅसपाशी उभी राहून मी रडले, पण ते रडणं वेगळं होतं, हलकं करणारं. त्या हिवाळ्यानंतर एडिसनला परतल्यावर मी ते कपाट उघडलं. सुधीरचा राखाडी स्वेटर बेनला झाला, बाह्या जरा आखूड पडल्या एवढंच.

खण उतरवायला सगळं गाव आलं असं मला वाटतं, किंवा मला तसं आठवतं. गवंडी वरून विटा काढत होते आणि खाली आम्ही त्यांचा जुना चुना खरवडून रचत होतो. मी कॅरलच्या शेजारी बसून विटा घासल्या. हातमोजे घालूनही नखं लाल झाली. वॉल्ट येणार नाहीत, असं सगळ्यांना वाटत होतं. ते आले, आणि चांगली वीट कोणती, तडकलेली कोणती हे ठोकून सांगत राहिले. नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा दहाव्या खणाची भिंत टेकूंवर सरळ उभी होती आणि वर नवं छप्पर चढत होतं. एक शेवटची पत्र्याची पट्टी राहिली होती.

याच सुमाराला शुभाचा एडिसनहून फोन आला. "डोहाळजेवण केलंस का पोरीचं?"

"अगं, ती पडून असते. आणि इथे आहे कोण?"

"नववा लागला ना? नवव्यात करतात. मी येते. तू फक्त वरणपुरण कर."

मी सहज कॅरलला सांगितलं की अशी एक रीत असते, गरोदर मुलीला हिरवी साडी नेसवतात, फुलांनी सजवतात, कशात तरी बसवतात, झोपाळ्यात, होडीत, तिला आवडेल ते खायला घालतात. कॅरलने शांतपणे विचारलं, "कशातही बसवलं तर चालतं?"

डॉक्टरने तासाभराची परवानगी दिली. शनिवारी शुभा आली, हिरव्या बांगड्या, मोगऱ्याच्या वेण्या आणि बर्फी-पेढे घेऊन. आम्ही इराला चाकांच्या खुर्चीतून राउंडहाउसवर नेलं. ऊन पडलं होतं, पण वारा बोचरा होता. बघतो तर त्या फिरत्या पुलावर गालिचा अंथरलेला, त्यावर कॅरलच्या घरची उंच पाठीची खुर्ची, खुर्चीला मक्याची ताटं आणि लाल पानांच्या डहाळ्या बांधलेल्या. इराला तिथे बसवलं. हिरव्या साडीवर बेनचा जाड कोट, केसांत मोगरा, पायांत लोकरीचे मोजे.

ओटी भरायची वेळ झाली आणि मी आपोआप मागे सरकले. कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून पाहिलेलं असतं, पाय आपणच मागे येतात. शुभाने ताट पुढे केलं तर मी म्हटलं, "तू भर. तू सवाष्ण आहेस."

शुभा काही बोलायच्या आत इरा म्हणाली, "आई, पहिली तू."

"इरा, अगं तसं नसतं."

"मग मी घरी जाते. आय'म सीरियस. माझ्या पेशंटला रोज कोण बघत होतं?"

शुभाने ताट माझ्या हातात दिलं. मी तांदूळ घेतले, नारळ घेतला, माझ्या मुलीची ओटी भरली. माझ्यानंतर शुभाने भरली, मग कॅरलने. तिने आपल्या झाडाची सफरचंदं आणली होती. वॉल्ट विचारत होते, पुरुषांना चालतं का. शुभा म्हणाली, "आज सगळं चालतं." त्यांनी इराच्या ओटीत एक वीट ठेवली, लहान, अर्धी, घासून स्वच्छ केलेली. मग बर्फी की पेढा झालं. इराने वाटी उचलली तर बर्फी निघाली. शुभाने टाळ्या वाजवल्या आणि मुलगी, मुलगी म्हणून सगळ्यांना सांगत सुटली.

जेवणं झाल्यावर वॉल्ट आणि बेन पुलाच्या एका टोकाला गेले. तिथे लांब दांडा होता. वॉल्ट म्हणाले, "वजन मधोमध असलं तर दोन माणसांना पुरे होतं." त्यांनी दांड्याला खांदा लावला. लोखंड करकरलं, आणि पूल हलला. माझी मुलगी खुर्चीत बसून संथपणे फिरत गेली, एकेका दारासमोरून, शेवटी दहाव्या खणासमोर येऊन थांबली. तिने वर पाहिलं. छपराची शेवटची पट्टी आदल्या दिवशीच बसली होती.

वॉल्ट गेल्या वसंतात गेले, झोपेत, आपल्या घरी. त्यांच्या मुलीने राउंडहाउसमध्येच सगळ्यांना बोलावलं. मी वरण करून नेलं होतं. आता तिथे नाताळच्या आधी बाजार भरतो, लग्नं होतात, एका खणात कुठून तरी आणलेलं जुनं इंजिन उभं आहे. लोक फोटो काढतात. कुणी मला विचारलं की तुम्ही इथल्या का, तर मी पटकन नाही म्हणत नाही.

त्या हिवाळ्यात रेवा आली ती तारखेच्या आठवडाभर आधी. बेन आणि मी इराला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि ती जन्मली तेव्हा खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. इराने तिला छातीशी धरलं होतं. मी दोघींकडे बघत होते. सुधीर असायला हवा होता, असं वाटलंच. पण त्या वाटण्याला पहिल्यांदा टोक नव्हतं. तो असता तर काय म्हणाला असता, ते मला ऐकू येत होतं, आणि ते ऐकून हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ थांबलं. इरा अर्धवट झोपेत होती. डोळे न उघडता म्हणाली, "आई, बघून येतेस?"

कुठे, ते मी विचारलं नाही. कॅरल मला घ्यायला आली. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे बांध झाले होते. राउंडहाउसच्या छपरावर गुडघाभर थर होता, सगळ्या खणांवर सारखा, आणि जिथे शेवटचा खण होता तिथे नुसतं सपाट मैदान. कॅरलने कुलूप काढलं आणि ती दाराशीच थांबली. मी आत गेले. इतकी शांतता मी तिथे कधी अनुभवली नव्हती. टपटप कुठेच नव्हती. दहाव्या खणात गेले. वर पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला, लाल फुलीपाशी चष्मा नेऊन पाहिलं. फुली होती तिथेच होती. मग हातमोजा काढून खाली बसले आणि तळवा जमिनीवर टेकवला. लाकूड थंडगार होतं. मी तळवा बराच वेळ तसाच ठेवला, मग उलटा करून पाहिला.

फोन लावला. इराने उचलला, पण आधी बाळाचाच आवाज आला.

"दूध प्यायली," इरा म्हणाली. "फर्स्ट टाइम नीट प्यायली. तिकडे?"

"कोरडं आहे," मी म्हटलं. "सगळं कोरडं आहे गं."

पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे रेवाचा, बारीक, घाईघाईचा. मी फोन कानाला लावून तशीच त्या जमिनीवर बसून राहिले.